जुना झिऑन, नवा आय-फाइव्ह आणि वाट पाहणारी माणसं

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून लॅमिंग्टन रोडला लागलं, की संगणकाच्या सुट्या भागांच्या दुकानांत एक प्रश्न हमखास कानावर येतो: "चौदा कोअरचा झिऑन घेऊ, की सहा कोअरचा आय-फाइव्ह?" प्रश्न प्रोसेसरचा, म्हणजे संगणकाचं सगळं काम करणाऱ्या चिपचा असतो. झिऑन ही इंटेलची सर्व्हरसाठी बनवलेली आणि तिथून जुनी होऊन निघालेली चिप, आय-फाइव्ह ही घरगुती, आणि कोअर म्हणजे चिपमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग. विचारणारा बहुधा विशीतला असतो. खिशात ठरावीक रक्कम असते आणि चौदा हे सहापेक्षा जास्त, एवढं तर कुणालाही कळतं. काउंटरवर गर्दी असते, त्यामुळे उत्तर मिळतं ते दुकानात कोणता माल पडून आहे त्यावरून. या प्रश्नाला सवडीने, हिशेब मांडून उत्तर द्यायला हवं असं मला फार वाटतं, कारण पहिल्या कमाईचे किंवा आईवडिलांनी साठवलेले पैसे यात जातात.

दोन चिपा नावानिशी समोर ठेवू. जुनी आहे झिऑन ई५-२६८० व्ही४. ब्रॉडवेल पिढीची, २०१६ च्या पहिल्या तिमाहीत आलेली. १४ कोअर, २८ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, टर्बो, म्हणजे गरजेला चढणारा वेग, ३.३ पर्यंत, ३५ एमबी कॅश (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी), १२० वॅट. तेव्हा इंटेलने घाऊक गिऱ्हाइकांसाठी तिचा भाव १,७४५ डॉलर लावला होता. नवी आहे कोअर आय५-१२४००, जानेवारी २०२२ ची. ६ कोअर, १२ थ्रेड, मूळ वेग २.५, टर्बो ४.४, १८ एमबी कॅश, ६५ वॅट. पूर्ण जोर लागला तर ११७ वॅटपर्यंत जाण्याची मुभा. याच्याही पुढच्या पिढ्या आल्या आहेत, पण बेताच्या बजेटमध्ये आजही हिचंच नाव निघतं.

एके काळी लाखाच्या घरात गेलेली चिप आज किरकोळ भावात कशी मिळते? मोठी डेटा सेंटरं काही वर्षांनी अख्खेच्या अख्खे रॅक बदलतात. नवा सर्व्हर तेवढ्याच विजेत आणि तेवढ्याच जागेत दुप्पट-तिप्पट काम देत असेल, तर जुना ठेवणं त्यांना परवडत नाही. मग हजारो झिऑन एकदम भंगाराच्या आणि पुनर्वापराच्या बाजारात येतात. चिप सहसा झिजून मरत नाही. मरतात त्या तिच्या भोवतालच्या वस्तू: बोर्डावरचे कपॅसिटर, पंखे, सॉकेटच्या, म्हणजे चिप बसवण्याच्या खाचेच्या, पिना. हे लक्षात ठेवलं, की पुढचं बरंच समजायला सोपं जातं.

आता ताकद. सगळे कोअर एकदम कामाला लावले तर झिऑन साधारण २.९ गिगाहर्ट्झवर टिकतो आणि आय-फाइव्ह ४.० वर. १४ गुणिले २.९ म्हणजे ४०.६, आणि ६ गुणिले ४ म्हणजे २४. इथवर झिऑन खूप पुढे दिसतो. पण चिपच्या घड्याळाच्या एका ठोक्यात (गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक अब्ज ठोके) दोघं सारखंच काम करत नाहीत. ब्रॉडवेलचा कोअर एका ठोक्याला चार सूचना उलगडतो, आय-फाइव्हचा सहा. ब्रॉडवेल एका वेळी १९२ सूक्ष्म-सूचना हाताशी ठेवून त्यांतली जी तयार असेल ती आधी उरकतो. नव्या कोअरमध्ये हा आकडा ५१२ आहे. प्रत्येक कोअरची स्वतःची दुसऱ्या पातळीची कॅश तिथे २५६ केबी होती, इथे १.२५ एमबी आहे. ब्रॉडवेलनंतरच्या स्कायलेक पिढीच्या कोअरने सुमारे दहा टक्के भर घातली, मग सनी कोव्हने इंटेलच्याच सांगण्यानुसार सरासरी १८ टक्के, आणि गोल्डन कोव्हने, म्हणजे या आय-फाइव्हच्याच कोअरने, आणखी १९ टक्के. १.१० गुणिले १.१८ गुणिले १.१९ म्हणजे दीडपटीहून थोडं जास्त. चोवीसला त्याने गुणलं की सदतीसच्या आसपास येतं.

म्हणजे चाळीस विरुद्ध सदतीस. चौदा कोअर आणि सहा कोअर जवळपास बरोबरीत येतात. आणि ही झिऑनच्या बाजूने सर्वांत अनुकूल असलेली स्थिती आहे, कारण यात काम चौदा जणांना अगदी समसमान वाटता येतं असं धरलं आहे. घरातलं फार थोडं काम तसं असतं.

जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम इथे कागदावर सोडवून पाहण्यासारखा आहे. कामाचा जो भाग वाटता येत नाही, तो शेवटी सगळ्यांना अडवतो. हिशेब सोपा राहावा म्हणून नवा एक कोअर म्हणजे जुने दोन, असं धरू. काम ९९ टक्के वाटण्याजोगं असेल तर चौदा कोअर एका जुन्या कोअरच्या १२.४ पट वेग देतात, आणि सहा नवे कोअर ११.४ पट. झिऑन थोडा पुढे. वाटण्याजोगा भाग ९० टक्क्यांवर आला, की झिऑन ६.१ वर येतो आणि आय-फाइव्ह ८ वर. फक्त नऊ टक्क्यांचा फरक, आणि निकाल फिरला. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरवर केलेलं रेंडर, म्हणजे दृश्याचं अंतिम चित्र तयार करणं, पहिल्या प्रकारात बसतं. फोटोशॉप, एक्सेल, ब्राउझर, ऑटोकॅड, बहुतेक खेळ, हे सगळं दुसऱ्या प्रकारात किंवा त्याच्याही खाली.

जीपीओत चौदा खिडक्या उघड्या असल्या तर शंभर माणसांची रांग भराभर सरकते. पण आत एकटाच माणूस आला असेल, तर त्याला त्याच्या खिडकीवरचा कारकून किती चपळ आहे एवढ्यानेच फरक पडतो. सर्व्हरची चिप रांगेसाठी बनवलेली असते. एखाद्या बँकेच्या सर्व्हरवर एका क्षणी शेकडो लोकांच्या विनंत्या येतात, त्यांतली प्रत्येक थोडी उशिरा झाली तरी चालतं, एकूण किती निपटल्या हे महत्त्वाचं. घरच्या टेबलावर एकच माणूस बसलेला असतो आणि त्याने क्लिक केलेलं आत्ता हवं असतं. म्हणून मला वाटतं, प्रोसेसर निवडताना पहिला प्रश्न कोअरचा नसावा. या यंत्रासमोर वाट कोण पाहणार आहे, एक माणूस की एक रांग, हे आधी ठरवावं.

अंधेरीतल्या एखाद्या छोट्या व्हीएफएक्स स्टुडिओत पन्नास फ्रेम रात्रभर रेंडर व्हायच्या असतील, तर तिथे रांग आहे. (ग्राफिक्स कार्डावर रेंडर होत असेल तर मध्यम दर्जाचं नवं कार्डही या दोन्ही प्रोसेसरांना मागे टाकतं, प्रोसेसरवर रेंडर तेव्हाच, जेव्हा दृश्य कार्डाच्या मेमरीत मावत नाही किंवा सॉफ्टवेअरच तसं आहे.) ठाण्यातली एखादी मुलगी क्लाउडचं काम शिकते आहे, तिला एका यंत्रात दहा व्हर्च्युअल मशिन, म्हणजे आभासी संगणक, चालवून पाहायची आहेत, तिथेही रांग आहे. आणि इथे झिऑनची खरी बाजू पुढे येते, जी कोअरमध्ये नाहीच. ती आहे रॅममध्ये.

झिऑनला रॅमचे चार चॅनल, म्हणजे रॅमकडे जाणारे चार वेगळे रस्ते, आहेत. डीडीआर४-२४०० च्या चार पट्ट्या, प्रत्येक चॅनलला एक, लावल्या की सेकंदाला ७६.८ जीबी इतकी कमाल वाहतूक होते. आय-फाइव्हचे चॅनल दोन. डीडीआर४-३२०० लावूनही ५१.२. क्षमतेत तर तुलनाच नाही: आय-फाइव्ह १२८ जीबीपाशी थांबतो, झिऑन एका सॉकेटला १.५ टीबीपर्यंत घेतो. शिवाय सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम, जिला बाजारात आरडिम म्हणतात, ती सर्व्हरच्याच बोर्डांवर चालते. डेस्कटॉपवाल्यांना तिचा उपयोग नसल्यामुळे सेकंडहँड बाजारात तिला गिऱ्हाईक कमी असतं. व्हर्च्युअल मशिनला कोअर वाटून देता येतात, एकाच कोअरवर तीन-चार मशिनं आळीपाळीने चालतात. रॅम तशी वाटता येत नाही. प्रत्येक मशिनला चार जीबी हवी असेल तर दहांना चाळीस लागणारच. अँड्रॉइडचा संपूर्ण स्रोत घरी बांधायचा असेल तर गूगलच किमान ६४ जीबी रॅम सांगतं. अशा कामाला ३२ जीबीचा आय-फाइव्ह कितीही चपळ असला तरी स्वॅपमध्ये जातो, म्हणजे रॅम संपल्यामुळे डिस्क रॅमसारखी वापरू लागतो, आणि एकदा डिस्कवर स्वॅप सुरू झालं की चपळाईचा काही उपयोग राहत नाही.

इथे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. आरडिम डेस्कटॉप बोर्डात घातली तर यंत्र सुरूच होत नाही. आरडिम आणि एलआरडिम हा सर्व्हर रॅमचा दुसरा प्रकार एकत्र चालत नाहीत. दोन्हींवरची लेबलं सारखी दिसतात, म्हणून आर आणि एल ही अक्षरं वाचूनच घ्यावं. आणि पैसे वाचवायला ३२ जीबीच्या दोनच पट्ट्या लावल्या, तर चारपैकी दोन चॅनल रिकामे राहून वाहतूक निम्मी होते. १६ च्या चार घ्याव्यात, शक्यतो एकाच बनावटीच्या, आणि प्रत्येक चॅनलच्या पहिल्या स्लॉटमध्ये लावाव्यात.

ईसीसीबद्दल, म्हणजे स्वतःच्या चुका दुरुस्त करणाऱ्या रॅमबद्दल थोडं. ईसीसी पट्टीत दर ६४ बिटांमागे ८ जास्तीचे बिट असतात. एक बिट उलटला तर तो आपोआप दुरुस्त होतो, दोन उलटले तर निदान कळतं. घरगुती खेळाला याची गरज नाही. पण एखाद्या संस्थेच्या जुन्या दप्तरांचे स्कॅन, घरातले वीस वर्षांचे फोटो, एखाद्या ट्रस्टचे हिशेब ज्या यंत्रावर कायमचे राहणार आहेत, तिथे बिघडलेली रॅम गुपचूप फायली खराब करत राहते आणि बॅकअपमध्येही तीच खराब फाईल जाते. आय५-१२४०० नेहमीच्या एच६१० किंवा बी६६० बोर्डावर ईसीसी देत नाही. झिऑन देतो, आणि हा त्याचा गुण मला कोअरच्या आकड्याहून कितीतरी मोलाचा वाटतो.

पीसीआय लेनचंही, म्हणजे प्रोसेसरला कार्डं आणि डिस्क जोडणाऱ्या वाटांचंही, तसंच. झिऑनला ४० लेन, तिसऱ्या पिढीच्या. आय-फाइव्हला २०, वेगवान पण मोजक्या. ग्राफिक्स कार्ड, चार एनव्हीएमई (वेगवान डिस्क), एक दहा गिगाबिटचं नेटवर्क कार्ड असं सगळं एकाच यंत्रात हवं असेल तरच हे महत्त्वाचं.

आता वीज, कारण मुंबईत हा हिशेब चुकला की स्वस्त यंत्र महाग पडतं. लोक १२० आणि ६५ हे आकडे पाहतात आणि तिथेच फसतात. ते पूर्ण जोराचे आकडे आहेत. घरातलं यंत्र दिवसातला बहुतेक वेळ काहीच करत नसतं, आणि पैसा गळतो तो त्या वेळात. झिऑन, चार रॅम पट्ट्या, जुना चिपसेट आणि चित्र दिसावं म्हणून लावलेलं ग्राफिक्स कार्ड मिळून रिकामं यंत्र भिंतीतून साधारण ७० ते १०० वॅट ओढतं. आय-फाइव्हचं यंत्र, स्वतःच्याच अंगभूत ग्राफिक्सवर, २५ ते ४० वॅटमध्ये भागवतं. फरक ५५ वॅट धरू. चोवीस तास, तीस दिवस: ३९.६ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला चारशेच्या घरात, वर्षाला पावणेपाच हजार. यंत्र तीन वर्षं चाललं तर त्या फरकात नवा प्रोसेसर येऊ शकतो.

दहा रुपये हा आकडा फक्त उदाहरणाचा. स्वतःचा दर काढायचा तर बेस्ट, अदानी, टाटा पॉवर किंवा महावितरण, जे कुणी बिल पाठवत असेल त्या बिलावर ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि त्यावरचे स्लॅब पाहावेत. घरात आधीच फ्रिज, पंखे, गीझर यांचे २९० युनिट जळत असतील, तर हे नवे चाळीस युनिट बहुतांशी तिसऱ्या स्लॅबात पडतात. त्यामुळे सरासरी दर धरू नये. शेवटच्या युनिटाचा दर धरावा, आणि इंधन समायोजन व वीज शुल्क त्यात मिळवावं.

याउलट रोज दोनच तास चालणाऱ्या रेंडरच्या यंत्राला हा हिशेब फारसा बोचत नाही. भरात झिऑनचं यंत्र १८० वॅट घेत असेल आणि आय-फाइव्हचं १२०, तर दोन तासांत फरक अवघा ०.१२ युनिट. म्हणून मी नेहमी सांगतो: झिऑन चोवीस तास सुरू ठेवायचा असेल तर त्याला चोवीस तासांचं काम हवं. नुसता फायलींचा साठा आणि सिनेमे दाखवण्यासाठी तो लावू नये.

वीज जाते तिथे उष्णताही येते, जेवढे वॅट तेवढीच. मे महिन्यात डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये दुपारी खोलीच बत्तीस-तेहतीस अंशांवर असते, आणि कूलर कितीही चांगला असला तरी तो चिपला खोलीच्या हवेहून थंड करू शकत नाही. एसी असेल तर यंत्राचे जास्तीचे शंभर वॅट बाहेर काढायला त्याला आणखी तीसेक वॅट लागतात. सर्व्हरचा मूळ कूलर घरात वापरूच नये. तो वरून जाणाऱ्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेला बिनपंख्याचा ठोकळा असतो, किंवा छोट्या पंख्याचा असला तर त्याच्या आवाजात झोप लागणार नाही. १२० मिमी पंख्याचा उभा कूलर घ्यावा.

कूलर घेताना सॉकेटचं माप विचारावं. एलजीए २०११-३ मध्ये दोन प्रकार आहेत: चौकोनी, ज्यात स्क्रूच्या छिद्रांतलं अंतर ८० बाय ८० मिमी असतं, आणि अरुंद, ज्यात ते ५६ बाय ९४ असतं. सर्व्हरच्या अनेक बोर्डांवर अरुंद प्रकार सापडतो, आणि बाजारातले बहुतेक कूलर चौकोनी प्रकाराचे. आय-फाइव्हच्या एलजीए १७०० ला ७८ बाय ७८ लागतं. जुन्या ११५१ किंवा १२०० च्या कूलरची छिद्रं ७५ वर होती, म्हणून घरातला जुना कूलर लावायचा असेल तर वेगळं ब्रॅकेट मागावं. ओढूनताणून बसवलेला कूलर एका कोपऱ्यात अधांतरी राहतो.

मदरबोर्डाचा विषय मात्र सर्वांत नाजूक. चिप स्वस्त मिळाली तरी तिच्यासाठी नव्याने बनवलेला नामांकित बोर्ड आता बाजारात नाही. मिळतात ते 'एक्स९९' नावाने विकले जाणारे नवे चिनी बोर्ड. नाव एक्स९९ असलं तरी पुष्कळदा त्यांच्यावर जुन्या यंत्रांतून काढलेले एच८१, बी८५ किंवा क्यू८७ असे चिपसेट, म्हणजे बोर्डाचे पोर्ट सांभाळणाऱ्या चिपा, बसवलेले असतात. परिणाम काय? साटा (डिस्क जोडण्याचे) आणि यूएसबीचे पोर्ट कमी. काही बोर्डांवर रॅमचे स्लॉट चार असले तरी चॅनल दोनच. यंत्र स्लीपमध्ये गेलं की परत उठत नाही. पंख्यांचा वेग नीट आवरत नाही. वीज पुरवणारे फेज बोर्डावर दिसतात जास्त, प्रत्यक्षात असतात कमी, आणि त्यांच्यावर पत्र्याचा नुसता देखावा असतो. १२० वॅटची चिप तासन्तास चालली की तो भाग भाजतो. बायोसचे, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या बोर्डातल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट कुठून आणायचे, याचं उत्तर दुकानदाराकडेही नसतं.

त्यापेक्षा जुनं ब्रँडेड वर्कस्टेशन अख्खं घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. एचपी झेड४४० किंवा डेल प्रिसिजन टी५८१० यांत हीच चिप बसते, चारही चॅनल मिळतात, ईसीसी चालतं, बायोस कंपनीच्या संकेतस्थळावर आहे. झेड४४० मध्ये आधी व्ही३, म्हणजे आधीच्या पिढीच्या, चिपा येत. व्ही४ बसवण्यापूर्वी जुन्या चिपवरच बायोस अद्ययावत करून घ्यावा लागतो, नाहीतर काळा पडदा दिसतो आणि लोक चांगली चिप खराब समजून परत करतात. या यंत्रांची एक अडचण आहे. त्यांचे एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचे डबे, नेहमीच्या एटीएक्स प्रकारचे नाहीत. तो गेला तर तसाच शोधावा लागतो, म्हणून घेतानाच सुटा एसएमपीएस दुकानात आहे का ते विचारून ठेवावं.

दोन सॉकेटच्या बोर्डाचा मोह तर टाळावाच. अठ्ठावीस कोअर ऐकायला भारी वाटतात, पण अर्धी रॅम एका चिपकडे आणि अर्धी दुसरीकडे असते. एका बाजूच्या कोअरला दुसऱ्या बाजूची रॅम हवी झाली की मधला दुवा ओलांडून जावं लागतं आणि वेळ जातो. खेळ आणि एडिटिंग यांना याचा उलट त्रासच होतो, आणि रिकाम्या वेळची वीज पुन्हा वाढते ती वेगळीच.

सेकंडहँड चिप हातात घेतल्यावर काय पाहायचं? वरच्या पत्र्यावरचा कोड. ई५-२६८० व्ही४ वर एसआर२एन७ असं असायला हवं. एसआर ऐवजी क्यूने सुरू होणारा चार अक्षरांचा कोड असेल, तर तो कंपनीने चाचणीसाठी वाटलेला नमुना आहे. त्याचा वेग कमी असू शकतो आणि काही बोर्ड तो स्वीकारत नाहीत. चिप उलटी करून खालचे बारीक कपॅसिटर सगळे जागेवर आहेत ना ते पाहावं. मग सॉकेट, मोबाईलचा टॉर्च तिरका धरून. पिनांच्या रांगा एकसारख्या चमकायला हव्यात. एखादी वेगळी चमकली तर ती वाकलेली आहे. वाकलेली पिन नेहमी यंत्र बंद पाडत नाही. बरेचदा यंत्र सुरू होतं, फक्त चारपैकी एक रॅम पट्टी दिसत नाही. कूलर एका बाजूला जास्त आवळला गेला तरी हेच लक्षण दिसतं, म्हणून आधी कूलर सैल करून स्क्रू तिरके, समोरासमोरचे, थोडेथोडे आवळावेत आणि मगच पट्टीला दोष द्यावा.

दुकानातली टेस्टिंग वॉरंटी थोड्या दिवसांची असते, तिचा पुरता उपयोग करावा. घरी आणल्या रात्रीच रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ लावून ठेवावा. ६४ जीबीला एक फेरीच काही तास घेते. दुसऱ्या दिवशी सगळे कोअर तासभर तापवून तापमान आणि वेग पाहावा. वेग २.९ वरून मध्येच १.२ वर कोसळत असेल, तर चिपपेक्षा बोर्डाचा वीज पुरवणारा भाग तापतो आहे असा संशय घ्यावा. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी न विचारता बदलावी. इतक्या वर्षांनी ती संपत आलेली असते, आणि ती गेली की बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात. वर्सोवा, वरळी, भाईंदरसारख्या खाऱ्या वाऱ्याच्या भागांत यंत्र उघड्या खिडकीपाशी ठेवू नये. पावसाळ्यात धूळ ओलसर होऊन हीटसिंकच्या फटींत चिकटते आणि पिना-कनेक्टरांवर गंज धरतो.

थर्मल पेस्टही मापाने. आय-फाइव्हला मटारच्या दाण्याएवढी मधोमध पुरते. झिऑनचं अंग ५२.५ बाय ४५ मिमीचं, पत्रा मोठा, तिथे फुलीच्या आकारात लावावी, नाहीतर कोपरे कोरडे राहतात.

एडिटिंग करणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण या शहरात लग्नाचे, नाटकांच्या प्रयोगांचे, गणपतीच्या मिरवणुकांचे व्हिडिओ कापून पोट भरणारी मुलं पुष्कळ आहेत. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत एच.२६५, १० बिट, ४:२:२ अशी, रंगांचा जास्त तपशील दाबून भरलेली फाईल निघते. ती उलगडण्याचं यंत्र आय५-१२४०० च्या अंगभूत ग्राफिक्समध्ये, क्विक सिंकमध्ये, आहे. झिऑनमध्ये अंगभूत ग्राफिक्सच नाही, आणि एनव्हिडियाच्या कार्डांतही ४:२:२ साठी ही सोय आरटीएक्स ५० मालिकेपासूनच आली. त्यामुळे प्रीमिअरमध्ये टाइमलाइन सरकवताना चौदा कोअर घाम गाळत असतात आणि सहा कोअरचं यंत्र सहज पुढे जातं. हे काम असेल तर झिऑनचा विचारच करू नये. मात्र आय५-१२४००एफ घेऊ नये. शेवटच्या एफचा अर्थ ग्राफिक्स बंद केलेली चिप, आणि थोड्या रुपयांच्या बचतीत नेमकी हीच सोय जाते. एएमडी कंपनीची रायझन ५ ५६०० ही तितकीच चपळ आहे, पण तिच्यातही अंगभूत ग्राफिक्स नाही.

सुरक्षेचं आणि विंडोजचंही वजन आहे. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरांतले सुरक्षेचे दोष उघड झाले. ब्रॉडवेलमध्ये मेल्टडाउनची दुरुस्ती चिपमध्ये नाही, ती ऑपरेटिंग सिस्टिमला करावी लागते, आणि डिस्क-नेटवर्कची सततची ये-जा असलेल्या कामात त्याने वेग थोडा कमी होतो. आय-फाइव्हमध्ये मेल्टडाउनचा दोष मुळातच नाही. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत ही झिऑन बसत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आडवाटेने विंडोज ११ चढवता येतं, पण ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार किंवा अशिलांचे टॅलीचे हिशेब आहेत तिथे आडवाट नको. झिऑनवर डेबियन, उबंटू किंवा प्रॉक्समॉक्स अशी लिनक्सची एखादी सिस्टिम घालावी. तिथे तो आपल्या घरी आल्यासारखा चालतो.

ज्यांच्याकडे दोन्ही प्रकारची कामं आहेत, त्यांच्यासाठी मला सर्वांत पटलेली मांडणी अशी: रोजच्या बसण्याला आय-फाइव्ह, १६ जीबीच्या दोन पट्ट्या, ग्राफिक्स कार्ड सध्या नाही. कपाटाजवळ किंवा गॅलरीकडच्या भिंतीला, पावसाचा शिंतोडा येणार नाही अशा जागी, झिऑनचं वर्कस्टेशन, पडद्याविना. दोघांमध्ये नेटवर्कची केबल. झिऑनच्या बायोसमध्ये वेक-ऑन-लॅन सुरू करून ठेवायचं, म्हणजे टेबलावरून हुकूम दिला की ते उठतं. व्हर्च्युअल मशिन, रेंडर, मोठं कंपाइल किंवा आठवड्याचा बॅकअप उरकला की बंद करण्याची सूचना कामाच्या शेवटीच लिहून टाकायची. स्लीपच्या भरवशावर न राहता पूर्ण बंद. सी-स्टेट नावाचा, रिकाम्या कोअरना झोपवणारा पर्याय बायोसमध्ये चालू आहे ना ते पाहावं. सर्व्हरांत तो बरेचदा मुद्दाम बंद केलेला असतो आणि मग रिकामं यंत्रही वीज खात राहतं.

यूपीएस एकच असेल तर त्यावर रोजचं यंत्र आणि राउटर ठेवावा. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. झिऑनही त्यालाच जोडला, तर झिऑन आणि त्यातलं ग्राफिक्स कार्ड दोन्ही भरात असताना यूपीएस ओव्हरलोडची शिट्टी मारून दोन्ही यंत्रं एकदम पाडेल. आणि वीज परत आल्यावर काय करायचं, हा बायोसमधला पर्याय झिऑनच्या बाबतीत 'बंदच राहा' वर ठेवावा. नाहीतर दुपारी घरात कुणी नसताना लाइट जाऊन आली, की यंत्र आपोआप सुरू होतं, बंद करण्याची सूचना देणारं काम काही त्या वेळी चालू नसतं, आणि संध्याकाळपर्यंत ते रिकामंच फिरत राहतं.